असेंब्ली नको, क्रॉस द्या

गाडीच्या सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये एकच ओळ होती: प्रॉपेलर शाफ्ट असेंब्ली, नग एक. पुढे पाच आकडी रक्कम, त्यातलाही पहिला आकडा चांगला दणदणीत. मजुरी वेगळी, कर वेगळा. शाफ्टला जॉइंट तीन, त्यातला एक ढिला; मग तेवढाच बदला की, असं म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवला. "सर, त्याला पार्ट नंबरच नाहीये." खरंच नव्हता. चित्रात शाफ्टचे दोन्ही तुकडे, जॉइंट, मधलं बेअरिंग असं सगळं एका चौकटीत कोंबलेलं आणि अख्ख्या चौकटीला मिळून एक नंबर. ज्याला नंबर नाही ते मागवता येत नाही, आणि जे मागवता येत नाही ते त्यांच्या लेखी सुटं बिघडतही नाही.

गाडीचं नाव घेत नाही. हे दुखणं एका कंपनीचं नाही, आणि नाव घेतलं की लोक गाडीवर बोलत बसतात, जॉइंट राहतो बाजूला. एवढंच सांगतो की इंजिन पुढे आडवं बसवलेलं आहे, रोजची ताकद पुढच्या चाकांना जाते, आणि ती चाकं घसरायला लागली की मागच्या डिफरन्शियलपाशी, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दात्यांच्या पेटीपाशी, असलेला क्लच जुळतो आणि मागची चाकंही ओढायला लागतात. पुढून मागे ताकद नेणारा लांब दांडा म्हणजे हा शाफ्ट. क्लच अगदी मागे असल्यामुळे हा दांडा बिचारा कायम फिरत असतो, मागच्या चाकांना त्याची गरज असो वा नसो. लक्ष्मी रोडच्या गर्दीतसुद्धा.

कोथरूडमध्ये राहणाऱ्या माणसाला चारही चाकांना ताकद कशाला लागते, हा प्रश्न आईपासून सगळ्यांनी विचारून झाला आहे. उत्तर वेल्ह्याच्या पुढे आहे. तिथे आमची थोडी जमीन आहे, आणि जुलैत डांबर संपल्यावरचा शेवटचा चढ असा निसरडा होतो की साधी गाडी तिथे जागच्या जागी चाकं फिरवत बसते. बाकी वर्षभर ही सगळी यंत्रणा नुसती वजन वाढवते आणि इंधन पिते. तरी ज्या दिवशी लागते त्या दिवशी तिच्यावाचून भागत नाही.

आवाज क्रमाने आले. आधी तळघरातल्या पार्किंगमधून माणसाच्या चालीने गाडी काढताना खालून बारीक चिरचिर. रस्त्यावर ती ऐकूच येत नसे, बेसमेंटच्या भिंती ऐकवत. मग रिव्हर्समधून पुढच्या गिअरमध्ये घेताना एक कोरडा टक्. शेवटी सत्तर-ऐंशीच्या वेगाला सीटखाली थरथर. स्टिअरिंगमध्ये थरथर आली तर आपण पुढची चाकं बॅलन्स करायला धावतो. सीटखालून आली की संशय शाफ्टवर घ्यावा.

जॉइंटच्या पोटात काय असतं हे एकदा कळलं की या तिन्ही आवाजांचा अर्थ लागतो. मध्ये अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, त्याला गॅरेजात सगळे क्रॉसच म्हणतात. त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि टोपीच्या आत भिंतीला लागून सुईएवढे बारीक रोलर गोलाकार उभे. दोन टोप्या एका योकमध्ये, म्हणजे दोन कानांच्या चिमट्यात, दोन दुसऱ्या योकमध्ये. ग्रीस सुकलं की सुया चिरचिरतात. सुया आणि टोक झिजलं की मध्ये जागा पडते, ताकदीची दिशा बदलली की ती जागा भरून निघताना टक् होतं. झीज आणखी वाढली की शाफ्ट आपल्या मध्यावर राहत नाही आणि थरथर सुरू होते. ज्या गाडीत डिफरन्शियलचं प्रमाण चारास एकच्या आसपास आहे तिथे ऐंशीच्या वेगाला शाफ्ट मिनिटाला साधारण अडीच हजार फेरे घेतो. त्या गतीला केसाएवढा खेळसुद्धा लपत नाही.

युरोपात या जॉइंटला सोळाव्या शतकातल्या इटालियन कार्दानोचं नाव चिकटलं आहे, इंग्रजांनी त्याला सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हुकचं नाव दिलं. मोटारीत तो टिकेल असा बसवला अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसरने; त्याचं पेटंट १९०३ चं. तोवर बऱ्याच मोटारींची मागची चाकं उघड्या साखळीवर फिरत, आणि साखळीत चिखल जायचा तो जायचाच. हुकला स्वतःला ठाऊक असलेली या जॉइंटची एक खोड आजही तशीच आहे. कोन करून फिरवला की तो सारख्या गतीने फिरत नाही. एका बाजूने एकसारखी गती द्या, दुसऱ्या बाजूला प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. वीस अंशांच्या कोनात हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे ६ टक्क्यांचा. दुसऱ्या टोकाला तसाच जॉइंट नेमक्या त्याच पातळीत बसवला, की एकाची खोड दुसरा काढतो. म्हणूनच शाफ्ट उघडण्याआधी खुणा करायच्या असतात. खुणा न करता उघडला आणि एक योक फिरवून जोडला, तर नवेकोरे क्रॉस घालूनही गाडी पहिल्यापेक्षा जास्त थरथरेल, आणि मालक दोष देईल क्रॉसच्या कंपनीला.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात, आयुष्यभर टेल्कोत नोकरी करून निवृत्त झालेले. पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांत असे एक काका असतात आणि त्यांचा म्हणावा तसा उपयोग कोणी करून घेत नाही. एस्टिमेट दाखवायला गेलो तर त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "अरे, कागद काय दाखवतोस? गाडी दाखव."

सपाट जागा, चारही चाकांना विटा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मी खाली, काका बाहेर स्टुलावर. नुसता शाफ्ट धरून हलवला तर सगळ्याच गाड्यांत थोडा खेळ लागतो, कारण डिफरन्शियलच्या दात्यांतही जागा असते; त्या खेळाला घाबरून अनेकांनी चांगले शाफ्ट भंगारात घातले आहेत. काकांची पद्धत वेगळी. जॉइंटच्या अलीकडच्या योकवर एक हात, पलीकडच्या योकवर दुसरा, आणि दोन्ही उलट दिशांना पिळायचे.

"दोन्ही हात एकदम हलतात का?"

"मधल्याला एकदम. मागच्याला नाही काका. आधी डावा हलतो, मग उजवा."

"मग मागचा गेला. पुढचा बघ. सैल नसेल, पण सैल नाही म्हणजे चांगला असं समजू नकोस. उतरवल्यावर हाताने वाकवून बघायचा."

पुढे आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने पांढऱ्या रंगाने, शाफ्ट जिथे बोल्टने जोडलेला असतो त्या फ्लँजवर आणि दोन्ही तुकड्यांवर खुणा करून शाफ्ट उतरवला. दोन तुकड्यांचा शाफ्ट उतरवताना एक तुकडा लोंबकळत सोडायचा नाही, नाहीतर मधला चांगला जॉइंट आणि बेअरिंगचं रबर दोन्ही तिथल्या तिथे खराब होतात. त्याला हे सांगावं लागलं नाही. खाली फरशीवर ठेवून पुढचा जॉइंट वाकवला तर तो मध्यावर येऊन अडे, जोर लावला की पुढे सटके. म्हणजे एक ढिला आणि एक जाम. सर्व्हिस सेंटरला सापडला होता एकच. असेंब्लीच बदलायची असल्यावर किती जॉइंट गेले हे मोजण्याचं कारणही नाही म्हणा.

आता अडचण अशी होती की या क्रॉसना बाहेरून सर्क्लिप, म्हणजे टोपी जागेवर अडवून धरणाऱ्या स्प्रिंगच्या रिंगा, नव्हत्या. जुन्या जीपच्या शाफ्टला टोपीच्या बाहेर सर्क्लिप असते. ती पकडीने काढायची, टोपी ठोकून बाहेर घ्यायची, झालं. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी विलीज जीप जुळवायला घेतल्या तेव्हापासून खेड्यापाड्यातल्या मिस्त्रींनी रस्त्याच्या कडेला बसून हे काम केलं आहे. माझ्या शाफ्टवर टोपी दाबून बसवल्यावर योकच्या भोकाची कड पंच मारून आत वळवलेली, कायमची. कारखान्यात ते झटपट होतं, स्वस्त पडतं, आणि वजनही थोडं वाचतं. पार्ट नंबर का नाही याचं उत्तर त्या पंचाच्या खुणांत होतं.

भोसरीच्या एका गल्लीत शाफ्टचंच काम करणारं दुकान आहे. बाहेर ट्रकचे शाफ्ट भिंतीला टेकवून उभे, त्यात माझा शाफ्ट अगदीच पोरगेला दिसत होता. मिस्त्रींना गाडीचं नाव, मॉडेल, साल सगळं सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "गाडी राहू द्या साहेब. माप काय ते क्रॉस सांगेल."

त्यांनी आधी सगळा शाफ्ट फिरवून पाहिला, नळीवर वेल्डिंगने चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या पट्ट्यांना खडूने गोल केले, "याला कोणी हात लावायचा नाही" असं पोराला सांगितलं. मग छोट्या ग्राइंडरने पंचाच्या खुणा तेवढ्याच उडवल्या, योकला चट्टा पडू न देता. प्रेसखाली एका बाजूला लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला टोपी मावेल असा मोठा. दाब दिला, काही होईना. आणखी दिला. एक टणत्कार झाला आणि टोपी मोठ्या सॉकेटात उतरली. आत ग्रीस नव्हतंच. गेरूच्या रंगाची कोरडी पूड होती आणि त्यात सुया; काही अर्ध्या मोडलेल्या. मिस्त्रींनी क्रॉसचं टोक फडक्याने पुसून माझ्यापुढे धरलं. "नख फिरवा." नख अडत गेलं. टाकी लावलेल्या पाट्यावर असाव्यात तशा समांतर खाचा, प्रत्येक सुईने आपापली जागा कोरून ठेवलेली. पुढचा जॉइंट मध्यावर का अडत होता ते बोटाला कळलं. शाफ्ट जवळजवळ सरळ राहिला की सुया फिरत नाहीत, त्याच जागी मार खात राहतात. म्हणून तर अशा जॉइंटला थोडासा कोन मुद्दाम ठेवलेला असतो. आणि लाल पूड म्हणजे पाणी. वेल्ह्याकडचे ओढे.

व्हर्नियरने दोनच मापं घेतली: टोपीचा व्यास आणि एका टोपीच्या टोकापासून समोरच्या टोपीच्या टोकापर्यंतची लांबी. ती चिठ्ठीवर लिहून, जुना क्रॉस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी मला नाना पेठेत पिटाळलं. भोसरी ते नाना पेठ आणि परत, भर दुपारी. या दुरुस्तीतला सगळ्यात त्रासाचा भाग हाच.

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत काउंटरपलीकडचा माणूस मान वर न करता विचारतो, "कशाचं?" मी पिशवी पुढे केली. त्याने क्रॉस तळहातावर तोलला, व्हर्नियर लावला, माळ्यावर पोराला चढवलं आणि तीन खोके काढले. तिन्हींचं माप तेच. एकाची सर्क्लिप योकच्या बाहेरून बसणारी, ती माझ्या कामाची नव्हती, कारण योकला खाच नाही. उरलेल्या दोघांत टोपीलाच खाच होती आणि सर्क्लिप योकच्या कानाच्या आतल्या बाजूने बसत होती. एक नावाजलेल्या कंपनीचा, दुसरा त्याच्या जेमतेम निम्म्या किमतीचा, खोक्यावर नावाचं स्पेलिंग जरासं वेगळं. इथे माझं मत ठाम आहे. असेंब्लीऐवजी क्रॉस बदलून आपण इतके पैसे वाचवतो, की त्यातले थोडे क्रॉसवरच जास्त घालायला हात आखडू नये. टोपीत सुई किती कडक पोलादाची आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. ते कळतं वर्षभराने.

ग्रीस निप्पल, म्हणजे बाहेरून ग्रीस भरायचं तोंड, असलेला की सीलबंद, हाही प्रश्न होता. कंपन्या सीलबंद का घालतात याला केवळ नफ्याचं कारण नाही. निप्पलसाठी क्रॉसला आतून भोक पाडावं लागतं आणि भोकाने तो थोडा कमजोर होतो. सीलबंद क्रॉस भरीव, म्हणून तेवढ्याच आकारात जास्त जोर सहन करतो. शिवाय ग्रीस भरायचं कोणाच्या लक्षात राहतं? पण माझी गाडी दर पावसाळ्यात ओढ्यातून जाते, आणि नवं ग्रीस भरलं की आतलं पाणी आणि घाण सीलमधून बाहेर ढकलली जाते. मी निप्पलवाला घेतला. मिस्त्रींनी तो बसवताना निप्पलचं तोंड नळीच्या बाजूला ठेवलं, नाहीतर ग्रीस गन लावायला जागाच उरत नाही.

बसवणं पाहत राहावं असं होतं. टोपी दाबताना एकही सुई आडवी पडली तर जॉइंट गेलाच, म्हणून सुया ग्रीसने भिंतीला चिकटवून, क्रॉस हाताने वर उचलून टोपीत अर्धा घालून मगच प्रेस. मग जाडीला किंचित कमी-जास्त अशा सर्क्लिप लावून पाहिल्या, डायल गेज लावून क्रॉस बरोबर मध्यावर आणला. तो मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याने सरकला तरी सगळा शाफ्ट बाजूला फेकल्यासारखा फिरतो. सर्क्लिपच्या भानगडीत न पडता टोपीला वेल्डिंगचा टाका मारून देणारेही शहरात आहेत; पैसे कमी घेतात. उष्णतेने टोपीच्या पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, आणि आतलं ग्रीस जळतं, म्हणून माझ्या मते ते काम फुकट दिलं तरी घेऊ नये. शेवटी बॅलन्सिंग. मशीनवर शाफ्ट फिरवला, एका टोकाला नखाएवढी पट्टी चिकटवावी लागली. बॅलन्सिंगचे पैसे वेगळे सांगितले की अनेक जण "राहू द्या" म्हणतात. नका म्हणू.

सगळं मिळून खर्च एस्टिमेटच्या दहाव्या हिस्स्याच्या जरा वर गेला. थरथर गेली, टक् गेला.

मिस्त्रींचं दुकान चालतं ते कायद्यामुळे नाही, पण कायदाही आता हळूहळू त्यांच्या बाजूला सरकतो आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हा ठपका. पुढे अपिलं झाली, दंडाची घासाघीस झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टल काढलं. त्यात मोटारीही येतात. चांगलंच आहे. पण सुटा भाग मिळण्याचा हक्क त्या भागाला नंबर असेल तिथपर्यंतच पोचतो. कड पंच करून बंद केलेला जॉइंट उघडायचा हक्क कागदावर मिळून काय उपयोग? त्याला ग्राइंडर, प्रेस आणि ते हात लागतात. काका म्हणतात की टेल्कोत त्यांच्या वेळचे शिकाऊ मुलगे महिनोन् महिने कानशीने लोखंड घासत बसायचे. काउंटरवरचा तो मुलगा हुशार होता, त्याचा दोष नाही. त्याला स्क्रीन शिकवली आहे.

काटकसर सगळीकडे चालत नाही हेही लिहायला हवं. चाकांकडे जाणाऱ्या आखूड शाफ्टना वेगळा जॉइंट असतो, सीव्ही, म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी. आत सहा पोलादी गोळ्या खोबणींतून पळतात आणि कोन केला तरी गती सारखी राहते. फोर्डमधल्या आल्फ्रेड झेपाने १९२० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं. हुकच्या जॉइंटची खोड यात नाही, पण हा भोसरीतसुद्धा नवा होत नाही. खोबणी झिजली की झिजली. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू गाडी घेताना कट्-कट् वाजायला लागलं की तो निकालात निघाला समजायचं. त्याची काटकसर आधीच करावी लागते, आणि ती रबरी बूटमध्ये, म्हणजे जॉइंटवरच्या ग्रीस धरून ठेवणाऱ्या खोळीत, असते. बूट फाटला, ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसले, पण कट्-कट् अजून नाही, तर जॉइंट उतरवून रॉकेलने धुवा, पुसा, मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीस भरा, नवा बूट चढवा. खर्च किरकोळ. तेच दोन पावसाळे टाळलं तर आख्खा शाफ्ट.

ऑफ-रोडवाल्यांची एक जुनी युक्ती मी मिस्त्रींपुढे टाकून पाहिली. गाडी बहुतेक वेळ पुढेच जाते, त्यामुळे खोबणी एकाच अंगाने झिजते. डावा जॉइंट उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला की न झिजलेल्या अंगावर काम सुरू होतं आणि आणखी काही वर्षं निघतात. पूर्वीच्या काही गाड्यांत तर दोन्ही शाफ्ट एकाच लांबीचे असत, अख्खेच अदलाबदल करता येत.

"चालतं की," मिस्त्री म्हणाले. "पण वाजायला लागायच्या आधी करायला लागतं साहेब. आणि वाजायच्या आधी गाडी घेऊन येतंय कोण?"

मागच्या डाव्या चाकाचा बूट चिरलेला निघाला. आवाज अजून नव्हता. तेवढ्यासाठी मी परत दुसऱ्या दिवशी भोसरीला गेलो.